तीन त्सुबो आणि एक पाटा

मागच्या भागात आपण तंजावरच्या मोठ्या देवळातला मराठी शिलालेख पाहिला. भोसल्यांचा वंशेतिहास, सरफोजी राजांनी 1803 साली कोरवून घेतलेला. तो भाग मी घरी बसून बोललो होतो आणि माझ्या पाठीमागे चौकातली छोटीशी बाग दिसत होती. झालं! शिलालेखाबद्दल चार प्रश्न आले आणि बागेबद्दल चाळीस. ही जपानी बाग आहे का? तिरुवैयारुच्या उन्हात ती जगते कशी? आम्हाला घरी करायची तर खर्च किती?

खर्चाचं शेवटी सांगतो. आधी इतिहास, कारण इतिहास न वाचता मी ही बाग एकदा केली होती आणि घरात पाणी शिरलं होतं.

सुरुवात माझ्या वडिलांपासून. ते सातारा जिल्ह्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत शिपाई. नामदेव जाधवांनी 9 एप्रिल 1945 रोजी इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तीच ही पलटण. युद्ध संपलं आणि 1946 साली ही पलटण जपानला गेली. हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे. हरलेल्या जपानचा ताबा अमेरिकेकडे होता, पण देशाच्या पश्चिमेकडचा काही मुलूख ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेकडे दिला होता. त्यात एक ब्रिटिश-हिंदी डिव्हिजन होती, मुख्यालय ओकायामा शहरात. आपली मराठा पलटण 268 व्या ब्रिगेडमध्ये. ब्रिगेडियर होते थिमय्या, पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झालेले. 1947 साल संपायच्या आत सगळे परत आले.

वडील इटलीबद्दल कधी बोलले नाहीत. जपानबद्दल मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. मुख्यालयाच्या कामासाठी त्यांना ओकायामाला पाठवलं होतं. शहर जळून काळं झालेलं. किल्ला जळालेला. किल्ल्यासमोर नदी, नदीपलीकडे राजाची बाग. आणि बागेत भात! "राजाच्या बागेत भातखाचर," असं म्हणून ते हसायचे. आम्हा पोरांना वाटायचं, दुष्काळ असेल, लोकांनी बाग नांगरून भात लावला असेल. वडिलांनाही तसंच वाटत होतं. ते गेले तेव्हाही त्यांची तीच समजूत होती.

ती बाग म्हणजे कोराकुएन. ओकायामाचे सरदार इकेदा त्सुनामासा यांनी 1687 साली त्सुदा नागातादा या आपल्या अधिकाऱ्याला ती करायला सांगितली, 1700 साली ती पुरी झाली. क्षेत्र सुमारे तेरा हेक्टर, म्हणजे तेहतीस एकरांच्या आसपास. आणि भात तिथे पहिल्यापासून होता! मुद्दाम लावलेला. आज जिथे मोठी हिरवळ दिसते, तिथेही तेव्हा बरीचशी शेतीच होती. भाताचे वाफे अजून राखलेले आहेत, जूनमध्ये तिथे लावणीचा सोहळा होतो, चहाचा मळाही आहे. ओकायामा हा भाताचा मुलूख. त्या मुलखाचं जे रोजचं रूप, तेच राजाने ओसरीवर बसून पाहिलं. किल्ला आणि मागची मिसाओ टेकडी ही बागेच्या हद्दीबाहेरची, पण आखणी अशी की तीही बागेतलीच वाटतात. याला जपानीत शाक्केई म्हणतात, म्हणजे उसना घेतलेला देखावा.

ही बाग दोनदा मोडली. 1934 च्या पुरात आणि 29 जून 1945 च्या बाँबहल्ल्यात. दोन्ही वेळा जुनी चित्रं आणि नकाशे समोर ठेवून ती पुन्हा उभारली. बागेतलं एन्योतेई नावाचं मुख्य घर 1960 साली परत उभं राहिलं. म्हणजे वडिलांनी पाहिली ती बाग जळालेली होती. घरं गेली होती, आणि त्यांच्या लक्षात राहिला तो भात.

याच बागेवरून पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान झालं, दहा एकरांचं, पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. निवृत्तीनंतर मी ते पाहिलं आणि डोक्यात किडा शिरला. वडिलांची बाग आपल्या घरी करायची.

आता घर कुठलं, तर सासुरवाडीचं. माझ्या पत्नीचं माहेर तिरुवैयारु, तंजावरपासून दहा-बारा किलोमीटर, कावेरीच्या काठी. सतराव्या शतकात एकोजी राजांच्या मागून जी मराठी घराणी दक्षिणेत आली, त्यांतलं एक. सासूबाई आता नव्वदीकडे झुकल्यात. आम्ही दोघं त्यांच्यासाठी इथे येऊन राहिलो. घर अग्रहारातलं, शेजाऱ्याशी भिंत सामाईक, रुंदीला कमी आणि आत लांबच लांब. पुढे ओटा, त्याला इथे तिण्णै म्हणतात. मग सोपा, मध्ये उघडा चौक, त्याला मुट्रम, आणि मागे विहीर आणि परसू. चौक नऊ फूट बाय बारा फूट.

पहिली बाग मी कशी केली ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातल्या रेतीच्या बागेचा फोटो समोर ठेवला. सिमेंटचा दिवा आणला, तांबडा लाकडी पूल आणला, पांढरी खडी दोन ट्रॉल्या आणि डोंगरावरून मागवलेलं शेवाळ. शेवाळ तीन आठवड्यांत करपलं. खडीवरून ऊन असं उसळायचं की सासूबाईंना सोप्यात बसवेना. पुढे ऐप्पसी महिना आला, म्हणजे आपला आश्विन-कार्तिक. इथला खरा पाऊस तेव्हा, परतीच्या वाऱ्याचा. चारी बाजूंच्या छपरांचं पाणी या चौकात पडतं आणि कोपऱ्यातल्या मोरीतून बाहेर जातं. मी ती मोरी खडीखाली बुजवली होती! रात्री दोन वाजता सोप्यात घोटाभर पाणी. सासूबाई खाटेवर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि मी, पस्तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, कमरेत वाकून हाताने खडी उपसत होतो. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कॅडेटलासुद्धा आम्ही शिकवतो, आधी जमीन बघ, मग योजना कर. मी उलट केलं होतं. मग वाचायला बसलो.

जपानी बागांवरचा सर्वांत जुना ग्रंथ साकुतेइकी, अकराव्या शतकातला, ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी माणसाच्या नावावर सांगितला जातो. त्यात बाग करणं म्हणजे मुख्यतः दगड मांडणं. आणि दगड कसे मांडायचे? एक मुख्य दगड बसवायचा आणि पुढचे त्या दगडाच्या मागणीप्रमाणे. पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे आधी बघायचं. काही निषेधही आहेत. डोंगरात जो दगड उभा होता त्याला बागेत आडवं पाडू नये, नाहीतर अरिष्ट येतं. हे वाचताना मला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस आमच्या सासूबाईंच्या घरातला आहे.

दुसरी गोष्ट कळली ती क्योतोच्या व्यापाऱ्यांच्या घरांची. तीही अशीच अरुंद आणि खोल. तिथले लोक त्यांना वाम माशाचं अंथरूण म्हणतात. या घरांमध्ये उजेड-वाऱ्यासाठी छोटे चौक ठेवलेले, आणि त्यातली बाग म्हणजे त्सुबो-निवा. त्सुबो हे जपानी माप, दोन चटयांएवढी जागा, साधारण 3.3 चौरस मीटर. संध्याकाळी तिथे पाणी शिंपडायचं, गारवा घरात खेचला जातो. आमचा चौक बरोबर तीन त्सुबो! मला राजाची बाग नकोच होती, मला क्योतोच्या दुकानदाराची बाग हवी होती, आणि तिचा चौक या घरात आधीपासून होता.

राहिला दगडाचा प्रश्न. इथे तो अवघड आहे. पुण्याला कुठेही खणा, काळा दगड लागतो. तिरुवैयारु म्हणजे पाच नद्यांचं गाव, तमिळमध्ये ऐ म्हणजे पाच आणि आरु म्हणजे नदी. सगळा गाळाचा प्रदेश, खणाल तिथे माती आणि वाळू. तंजावरचं मोठं देऊळ 1010 साली पुरं झालं, त्याचा ग्रॅनाइटचा प्रत्येक चिरा बाहेरून वाहून आणलेला. म्हणून इथल्या साध्या घरात दगड म्हणजे चैनीची वस्तू. आमच्या घरात तीनच होते, परसात पडलेले: रगडा, उखळ आणि पाटा. मिक्सर आल्यापासून त्यांना कोणी विचारत नव्हतं.

जपानी चहाच्या बागांत जुनी जाती पायवाटेत बसवतात, पडक्या देवळाच्या खांबाच्या बैठका कोरून हात धुवायची कुंडी करतात. या प्रकाराला मिताते म्हणतात, एका वस्तूकडे दुसरी वस्तू म्हणून बघणं. मी खूश झालो. रगड्याच्या खळग्यात पाणी, उखळ त्याच्या शेजारी, आणि पाटा जमिनीत बसवून पायरी. दोन गडी बोलावले, पाटा उचलून चौकात आणला.

सासूबाई काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "यावर पाय ठेवणार?" मी मिताते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यावर पाय एकदाच ठेवायचा असतो. मी ठेवला, मुलीनं ठेवला. आता कोण ठेवणार?"

लग्नातलं अश्मारोहण तुम्हाला माहीत आहे. वधू दगडावर पाऊल ठेवते, दगडासारखी स्थिर राहा म्हणून. इथल्या तमिळ लग्नात तो दगड म्हणजे स्वयंपाकघरातला पाटाच, अम्मी. या घरानेही तो रिवाज उचलला आणि याच पाट्यावर सासूबाई सतराव्या वर्षी उभ्या राहिल्या होत्या. माझ्या लग्नात मी समोर होतो, पण मी बघत होतो वधूकडे, दगड कोण बघतो!

पाटा पायरी झाला नाही. तो जसा स्वयंपाकघरात आडवा होता तसाच, दोन बोटं उंच, चौकाच्या ईशान्य कोपऱ्यात बसवला आणि बाकी सगळं त्याच्या मागणीप्रमाणे. त्याच्यासमोर रगडा, पाण्याने भरलेला, वर बांबूची पन्हळ. उखळ जरा मागे. सिमेंटचा दिवा काढून टाकला, कारण तुळशीवृंदावन होतंच आणि त्यावर रोज संध्याकाळी दिवा लागतच होता. शेवाळाच्या जागी मंडूकपर्णी, इथे तिला वल्लारै म्हणतात. ओलाव्यात पसरते, आणि सासूबाई तिची चटणी करायला सांगतात, त्यामुळे छाटणी आपोआप होते. कडेला कामिनीची दोन झुडपं, गोल कातरलेली. मोरी उघडी, तिच्याकडे एक इंचाचा उतार, तोंडाशी वाटीएवढे गोटे, पाणी अडणार नाही असे. त्यानंतर दोन ऐप्पसी गेले, सोपा कोरडा आहे.

खर्च विचारलात. दुसऱ्या बागेचा खर्च दोन गड्यांची मजुरी, बांबू आणि गोटे. पहिल्या बागेचा सांगत नाही.

एक गोष्ट राहिली होती. मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सोडायची इथली रीत. (हे धरण 1934 साली पुरं झालं, ओकायामाला पूर आला त्याच वर्षी.) काही दिवसांनी ते आमच्या घाटावर येतं आणि कुरुवै भाताची धांदल सुरू होते. गेल्या वर्षी मी शेजारच्या शेतकऱ्याकडून मूठभर रोपं मागून आणली, आडुदुरैच्या भात संशोधन केंद्राचं कमी मुदतीचं वाण, आणि पाट्याच्या शेजारी दोन फूट चौरस जागेत चिखल करून लावली. सासूबाई खूप हसल्या. दाराबाहेर मैलोगणती भात, आणि जावई घरात भात लावतो! तेव्हा मी त्यांना वडिलांची ओकायामाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. किल्ला कुणी जाळला, राजा मेला का, असं बरंच विचारलं त्यांनी. मग म्हणाल्या, तुमच्या वडिलांना कुणी सांगितलं नाही का, तो भात मुद्दाम लावलेला होता म्हणून?

पीक आलं ते दोन ओंजळी. ते त्यांनी कांडायला दिलं नाही. लोंब्या बांधून सोप्याच्या चौकटीला लावल्या आहेत. पुढच्या भागात कॅमेरा जरा डावीकडे वळवतो, म्हणजे दिसतील.