हायड्रोपोनिक चारा मांडणी

हायड्रोपोनिक चारा मांडणी ही धान्याला मोड आणून मातीविना हिरवा चारा उगवण्यासाठी वापरली जाणारी कप्प्यांची चौकट होय. महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागांत उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची टंचाई भासते. अशा वेळी काही पशुपालक बांबू, लाकूड किंवा लोखंडी अँगल वापरून ही मांडणी घरीच उभारतात.

रचना

चौकटीत साधारणतः एक फूट अंतराने चार ते पाच कप्पे असतात. त्यांवर तळाला छिद्रे असलेले प्लास्टिकचे ट्रे ठेवतात. पाणी साचू नये म्हणून कप्प्यांना एका बाजूस किंचित उतार देतात. निचऱ्याचे पाणी पन्हळीतून गोळा करून झाडांना देता येते. ऊन व उष्ण वारा अडवण्यासाठी सभोवती शेडनेट किंवा ओले गोणपाट लावतात. पाणी झारीने, फवारणी पंपाने किंवा फॉगरने दिले जाते. मात्र कीटकनाशक वा तणनाशक फवारलेला पंप वापरणे धोक्याचे असते.

पद्धत

मका, गहू किंवा सातू यांचे अखंड दाणे धुऊन १२ ते २४ तास भिजवतात. नंतर ओल्या गोणपाटात सुमारे एक दिवस बांधून ठेवून मोड आणतात व ट्रेमध्ये पातळ थरात पसरतात. दिवसातून अनेकदा थोडे थोडे पाणी दिल्यास ७ ते १० दिवसांत चारा २० ते ३० सेंटीमीटर उंच होतो. तो मुळांच्या गादीसह जनावरांना देतात. चारा आठ दिवसांत तयार होत असल्यास रोज एक ट्रे मिळण्यासाठी किमान आठ ट्रे लागतात.

मर्यादा

एक किलो मक्यापासून सुमारे पाच ते सहा किलो चारा मिळतो. परंतु ही वाढ मुख्यतः पाण्याची असते. मोड येताना दाण्यातील पिष्टमय पदार्थ श्वसनात खर्च होत असल्याने शुष्क पदार्थ मूळ धान्यापेक्षा काहीसा घटतो. त्यामुळे हा चारा कडबा किंवा अन्य कोरड्या वैरणीची जागा घेऊ शकत नाही. तो तिला पूरक म्हणून देतात. धान्याची किंमत व मजुरी धरूनच त्याचा खर्च ठरतो.

सुरक्षितता

बुरशीनाशक लावलेले पेरणीचे बियाणे यासाठी वापरत नाहीत. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत विषारी हायड्रोसायनिक आम्ल तयार होत असल्याने ज्वारीही वर्ज्य मानतात. उबदार, दमट वातावरणात बुरशी लवकर वाढते. अ‍ॅस्परजिलस क्लॅव्हेटस या बुरशीने दूषित झालेल्या मोडांमुळे गुरांना मज्जासंस्थेचे घातक विकार होऊ शकतात. म्हणून बुरशी आलेला ट्रे पूर्णपणे टाकून देतात आणि प्रत्येक वापरानंतर ट्रे निर्जंतुक करून उन्हात वाळवतात.