इंडियानापोलिस ५००

इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस मोटर स्पीडवे येथे दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस होणारी मोटारशर्यत आहे. अडीच मैलांच्या लंबवर्तुळाकार मार्गावर २०० फेऱ्या, म्हणजे एकूण ५०० मैल (सुमारे ८०५ किलोमीटर) अंतर स्पर्धकांना कापावे लागते. पहिली शर्यत ३० मे १९११ रोजी झाली. दोन महायुद्धांच्या काळातील १९१७–१८ आणि १९४२–४५ ही वर्षे वगळता ती प्रतिवर्षी होत आली आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ती ऑगस्टमध्ये, प्रेक्षकांविना घेण्यात आली.

== विटांचा मार्ग ==

कार्ल फिशर, जेम्स ॲलिसन, आर्थर न्यूबी आणि फ्रँक व्हीलर या चार उद्योजकांनी १९०९ मध्ये हा मार्ग बांधला. नव्या मोटारींची चाचणी घेता यावी आणि शर्यतीही भरवता याव्यात, असा त्यांचा हेतू होता. मार्गाचा पृष्ठभाग खडी व डांबराचा होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या पहिल्याच मोटारशर्यतींत तो उखडला आणि तीन दिवसांत पाच जण मृत्युमुखी पडले. त्यांत एक चालक, दोन मेकॅनिक व दोन प्रेक्षक होते. या दुर्घटनेनंतर मालकांनी सुमारे ३२ लाख विटा बसवून संपूर्ण मार्ग नव्याने तयार केला. ‘ब्रिकयार्ड’ हे त्याचे लाडके नाव तेव्हापासूनचे. पुढे टप्प्याटप्प्याने डांबरीकरण झाले. आज केवळ प्रारंभ-समाप्तीच्या रेषेवर एक यार्ड रुंदीची विटांची पट्टी उघडी ठेवलेली आहे.

== पहिली शर्यत ==

१९११ च्या शर्यतीत ४० मोटारी उतरल्या. त्या काळी चालकाच्या शेजारी एक मेकॅनिक बसे आणि मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे एक काम असे. रे हॅरून मात्र ‘मार्मन वास्प’ या एका आसनाच्या मोटारीतून एकटाच उतरला. इतरांनी हरकत घेताच त्याने समोर एक आरसा बसवला. मोटारशर्यतीत मागचे पाहण्यासाठी आरसा वापरल्याचे हे सर्वांत प्रसिद्ध आरंभीचे उदाहरण होय. विटांवरून धावताना तो आरसा इतका थरथरत होता की त्यात काहीच दिसत नव्हते, असे हॅरूनने पुढे सांगितले. हरकतदारांचे समाधान झाले, एवढाच त्याचा उपयोग! ताशी सरासरी ७४.६०२ मैल वेगाने हॅरून विजयी ठरला. सायरस पॅट्श्के या बदली चालकाने मध्ये काही फेऱ्या गाडी चालवली होती, हे मात्र सहसा विसरले जाते.

== परंपरा ==

या शर्यतीच्या बहुतेक परंपरा कोणी ठरवून घातलेल्या नाहीत. विजेत्याने दूध पिण्याची प्रथा हे त्याचे ठळक उदाहरण. लुई मायर याला उन्हाच्या दिवशी ताक पिण्याची घरची सवय होती. १९३६ मध्ये तिसऱ्यांदा जिंकल्यावर तो बाटलीतून ताक पीत असल्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकले. दुग्धव्यवसायातील एका अधिकाऱ्याला त्यात जाहिरातीची संधी दिसली आणि ताकाच्या जागी दूध आले. मध्यंतरी काही वर्षे खंड पडला, तरी १९५६ पासून ही प्रथा पक्की झाली. १९९३ मध्ये ब्राझीलच्या एमर्सन फिटिपाल्डीने आधी संत्र्याचा रस घेतला. त्याच्या स्वतःच्या संत्र्यांच्या बागा होत्या. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याचा राग कित्येकांच्या मनात पुढेही राहिला. मुळात जाहिरातीतून आलेल्या दुधाची जागा दुसऱ्या जाहिरातीने घ्यावी, हे लोकांना रुचले नाही.

विटांच्या पट्टीचे चुंबन घेण्याची रीत त्याहून अलीकडची आहे. ती या शर्यतीतून आलेलीच नाही. १९९६ मध्ये याच मार्गावरील नॅसकार मालिकेची शर्यत जिंकल्यावर डेल जॅरेटने ती सुरू केली. इंडियानापोलिस ५०० च्या विजेत्यांपैकी गिल द फेरानने २००३ मध्ये प्रथम तिचे अनुकरण केले.

१९३६ पासून दिल्या जाणाऱ्या चांदीच्या बोर्ग-वॉर्नर चषकावर प्रत्येक विजेत्याचा चेहरा कोरला जातो. मूळ चषक संग्रहालयातच राहतो, विजेत्याला छोटी प्रतिकृती मिळते. शर्यतीचा दिवस अमेरिकेतील हुतात्मा सैनिकांच्या स्मरणदिनाशी जोडलेला असल्याने आरंभी बिगुलावर शोकधून वाजवली जाते.

== प्रारंभीचा आदेश आणि जॅनेट गथ्री ==

‘सद्गृहस्थहो, इंजिने सुरू करा’ अशा अर्थाचा इंग्रजी आदेश हा शर्यतीपूर्वीचा सर्वांत उत्कंठेचा क्षण मानला जातो. १९४५ मध्ये हा मार्ग विकत घेऊन मोडकळीस आलेल्या वास्तूला नवजीवन देणारे टोनी हलमन तो अनेक वर्षे देत असत.

१९७१ पर्यंत स्त्रियांना येथील गॅरेजांत पाऊल ठेवण्याचीही मुभा नव्हती. १९७७ मध्ये भौतिकशास्त्राची पदवीधर असलेली जॅनेट गथ्री या शर्यतीसाठी पात्र ठरणारी पहिली स्त्री झाली, तेव्हा आदेशाच्या शब्दांचा प्रश्न उभा राहिला. इंजिन प्रत्यक्षात मेकॅनिक सुरू करतात व ते पुरुषच असतात, म्हणून शब्द बदलण्याचे कारण नाही, असा युक्तिवाद व्यवस्थापनाने केला. त्यावर गथ्रीच्या चमूने इंजिन सुरू करण्याचे काम के बिग्नॉटी या स्त्रीकडे सोपवले. युक्तिवादच संपला. अखेर हलमन यांनी पात्र ठरलेल्या पहिल्या महिलेचा उल्लेख करून पुढे जुनाच आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

गथ्रीची गाडी त्या वर्षी बिघाडामुळे लवकर बाद झाली. पुढच्या वर्षी मनगटाचे हाड मोडलेले असतानाही तिने नववा क्रमांक मिळवला. आता ‘चालकहो’ असे संबोधन वापरले जाते.

== अपघात आणि सुरक्षितता ==

सुरक्षिततेच्या बहुतेक सुधारणा येथे मृत्यूनंतर आल्या. १९५३ व १९५४ चा विजेता बिल वुकोविच १९५५ मध्ये आघाडीवर असतानाच अपघातात ठार झाला. १९६४ मध्ये दुसऱ्याच फेरीत पेट्रोलच्या भडक्यात एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनल्ड यांचा अंत झाला. त्यानंतर गाड्यांनी पेट्रोल सोडून मेथेनॉल स्वीकारले. नेब्रास्का विद्यापीठात विकसित झालेली, धक्का शोषून घेणारी पोलादी-फोमची भिंत २००२ मध्ये सर्वप्रथम याच मार्गावर बसवण्यात आली.

== पात्रता व विक्रम ==

साधारणतः ३३ मोटारी, तीन-तीनच्या ११ रांगांत सुरुवात करतात. सलग चार फेऱ्यांच्या सरासरी वेगावरून जागा ठरते, नावलौकिकावरून नव्हे. फॉर्म्युला वनचा दोन वेळचा विश्वविजेता फर्नांडो अलोन्सो २०१९ मध्ये पात्रच ठरला नाही. ए. जे. फॉइट, अल अन्सर, रिक मिअर्स आणि एलिओ कास्त्रोनेव्हेस यांनी प्रत्येकी चार वेळा ही शर्यत जिंकली. कास्त्रोनेव्हेसचा चौथा विजय २०२१ मधला असून त्या वेळची ताशी १९०.६९० मैल ही सरासरी तोपर्यंतची सर्वाधिक होती. तोपर्यंतचा सर्वांत निसटता विजय १९९२ चा होता. त्या वर्षी धाकटा अल अन्सर आणि स्कॉट गुडइअर यांच्यात ०.०४३ सेकंदाचे अंतर होते.