बीड जिल्हा : परिचारिका-सेवेतील बढती

बीड जिल्ह्यातील सरकारी परिचारिका-सेवा तीन यंत्रणांत विभागली आहे. उपकेंद्रे व प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, बीडचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे (स्थापना १९७४) रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. एका यंत्रणेतली ज्येष्ठता दुसरीत सहसा धरली जात नाही. स्त्रियांची बढती अडते ती प्रामुख्याने या रचनेमुळे. रुग्णालयात अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढती पदे आहेत. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेपुढे आरोग्य सहायिका ही जवळपास एकच पायरी, आणि राष्ट्रीय मानकानुसार ते पद सहा उपकेंद्रांमागे एक.

या जिल्ह्यात आरोग्यसेविकेच्या कामाला ऊसतोडीमुळे वेगळेच वजन येते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघण्यापूर्वी गरोदर मातांची नोंद करायची, बाळांचे लसीकरण उरकून कार्ड आईच्या हाती द्यायचे, उन्हाळ्यात टोळ्या परतल्या की चुकलेले डोस शोधून पूर्ण करायचे. गावातले कोणते कुटुंब कोणत्या मुकादमाबरोबर गेले, हे तिला ठाऊक असावे लागते. हे कौशल्य बढतीत मोजले जात नाही. २०१८नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले, तेव्हा आयुर्वेद व नर्सिंगचे पदवीधर पात्र ठरले. आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम मात्र पात्र ठरला नाही. वर्षानुवर्षे उपकेंद्र एकटीने चालवणाऱ्या सेविकेवर नवा अधिकारी आला, हा अन्यायच म्हणावा लागेल.

बदली नको म्हणून स्त्रियाच बढती नाकारतात, असा आक्षेप घेतला जातो. काही नाकारतातही, पण सहा जणींमागे जागाच एक असताना नकारांवरून साऱ्यांची कुंठितावस्था उलगडत नाही. शिवाय बदलीच्या गावी राहण्याजोगे निवासस्थान आणि मुलांसाठी शाळा असेल का, यावर तो नकार बराच अवलंबून असतो. दुसरा आक्षेप असा, की आता पुरुषही या पेशात आल्याने स्त्री-पुरुष विभागणी मोडली. पुरुष आले ते रुग्णालयांतील पदांवर. एम्स संस्थांच्या परिचारिका-भरतीत स्त्रियांसाठी ८० टक्के जागा ठेवण्याचे २०१९मध्ये ठरले, यावरून तिथली चुरस कळते. आरोग्यसेविकेचा अभ्यासक्रम मात्र स्त्रियांपुरताच आहे आणि गावपातळीवरची आरोग्य-स्वयंसेविका ‘आशा’ही स्त्रीच असते, त्यामुळे सर्वांत कमी बढतीचा थर पूर्णपणे स्त्रियांचा राहिला.