ई जीवनसत्त्व आणि अल्झायमर रोग : एका अपेक्षेचा इतिहास

१९५६ मध्ये डेन्हम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के. परंतु प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा तोच वापरतो. त्यामुळे ऑक्सिडीकरण रोखणारे ई जीवनसत्त्व अल्झायमर रोगात उपयुक्त ठरेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती. १९९७ च्या अमेरिकेतील चाचणीत रोज २००० एकक मात्रेने रुग्णांचे परावलंबन लांबले, बोधनशक्ती मात्र सुधारली नाही. २००५ मध्ये तर सौम्य बोधनक्षीणतेच्या रुग्णांत रोगाचा प्रारंभही टळला नाही. गोळीच्या या अपयशावरून आहारच निरर्थक ठरविणे घाईचे होय. अर्थात, २०२३ च्या माइंड आहार चाचणीतही नियंत्रण गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. तथापि तेथे दोन्ही गटांचे उष्मांक कमी केले होते.