सीमेपलीकडचे मूल

पतिपत्नी विभक्त झाली की मुलाचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. परंतु त्याच्या पोटात दुसराही प्रश्न दडलेला असतो. न्यायालयाने ताब्याचा अथवा भेटीचा हक्क दिला आणि मूलच दूर नेले गेले, तर त्या हक्काचे मोल काय? कायद्याला या प्रश्नाची जाणीव झाली ती काही मातापित्यांनी मोठी किंमत मोजल्यानंतर.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात औरस अपत्यावर बापाची सत्ता जवळजवळ निरंकुश होती. १८०४ साली एका फ्रेंच गृहस्थाने आपले आठ महिन्यांचे तान्हे मूल आईपासून हिरावून नेले. न्यायासनाने ते आईला परत देवविले नाही. मात्र मूल राज्याबाहेर नेण्यास लॉर्ड चॅन्सेलर एल्डन यांनी बापाला मनाई केली. मूल आपल्या हुकुमाच्या टप्प्यात असेल तरच न्यायालय त्याचे रक्षण करू शकते, हे तत्त्व या लहानशा मनाईत होते.

या तत्त्वाची खरी कसोटी कॅरोलाइन नॉर्टन हिच्या आयुष्यात लागली. ही नाटककार शेरिडन यांची नात व स्वतः नामांकित लेखिका. १८२७ साली तिचा विवाह जॉर्ज नॉर्टन या बॅरिस्टराशी झाला व तिला तीन मुलगे झाले. १८३६ साली संसार मोडला. जॉर्जने तत्कालीन पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर पत्नीशी अनैतिक संबंध ठेवल्याचा दावा लावला. ज्यूरीने तो फेटाळला. तरीही मुले आईला मिळाली नाहीत. पुढे बापाने त्यांना स्कॉटलंडात आपल्या बहिणीच्या घरी ठेवले.

कॅरोलाइनने लेखणी हाती घेतली. तिच्या पत्रकांनी लोकमत जागे केले व टालफर्ड या सभासदाने पार्लमेंटात विधेयक मांडले. १८३८ साली उमरावसभेने ते नाकारले. १८३९ साली ते संमत झाले. सात वर्षांखालील मुलांचा ताबा व त्याहून मोठ्या अल्पवयीन मुलांची भेट न्यायालयाकडे मागण्याचा मार्ग मातेला प्रथमच खुला झाला. व्यभिचार शाबीत झालेल्या स्त्रीला मात्र तो बंद होता.

दैवाचा खेळ असा, की जिने हा कायदा घडविला तिला तो उपयोगी पडला नाही. तो स्कॉटलंडला लागू नव्हता आणि मुले तेथे होती! १८४२ साली धाकटा विल्यम घोड्यावरून पडून जखमी झाला व दगावला. तो नऊ वर्षांचा होता. आई पोचली तेव्हा सारे संपले होते.

भारतातील १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमात या धोक्याची जाण दिसते. व्यक्तीच्या पालकत्वाचा अर्ज करावयाचा तो बालकाचे सामान्य वास्तव्य असेल तेथील जिल्हा न्यायालयात. न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीवाचून पाल्याला त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर हलवू नये, असेही बंधन आहे. मूल दूर नेल्याने न्यायाची जागा आपोआप बदलू नये, हा याचा आशय होय.

परंतु विमानाच्या युगात सीमा म्हणजे काही तासांचे अंतर. म्हणून १९८० साली हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. सोळा वर्षांखालील बालकाला हक्कदाराच्या संमतीवाचून परदेशी नेले, तर त्याला नित्याच्या वास्तव्याच्या देशात सत्वर परत धाडावे आणि ताब्याचा वाद तेथेच मिटावा, हे त्याचे सूत्र. बालकाला गंभीर धोका असेल तर अपवाद आहे. भारत या करारात सामील नाही. छळाला कंटाळून मुलासह माहेरी परतणाऱ्या स्त्रियांचे काय, हा येथील मुख्य आक्षेप. तो उपेक्षणीय नव्हे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने बालकाचे हितच सर्वोपरी असून परदेशी न्यायालयाचा हुकूम हा विचारात घ्यावयाचा केवळ एक मुद्दा आहे, असा निर्वाळा दिला.

तेव्हा विभक्त होणाऱ्या मातापित्यांनी ताब्याच्या हुकुमातच मुलाचा प्रवास, स्थलांतराची पूर्वसूचना, पासपोर्ट कोणाकडे राहील व दूर गेल्यास भेट कशी घडेल, हे स्पष्ट लिहवून घेणे शहाणपणाचे. मूल हलविले गेलेच, तर विलंब न करता न्यायालय गाठावे. कारण नव्या गावी मूल जितके रुळेल तितके त्याला परत आणणे अवघड होते. ज्याला पळवून नेण्याचे निमित्त आहे व ज्याला पळून येणेच भाग पडले आहे, या दोघांत भेद करणे, हे मात्र न्यायाधीशांचे नाजूक काम कोणत्याही करारानंतर शिल्लकच राहते.