आरोंद्याचा पूल

राजारामपुरीतल्या गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात. आमचे बिऱ्हाड त्यांतल्याच एका गल्लीत. पण घराण्याचे मूळ आरोंद्याचे, म्हणजे जुन्या सावंतवाडी संस्थानातले. माझी आत्या तेरेखोल नदीपलीकडे, पेडणे महालात दिलेली. तरीत बसले की उतरले, एवढेच ते माहेर-सासरचे अंतर. मध्ये पोर्तुगालचे राज्य सुरू होते, ही गोष्ट आमच्या घरच्या बायकांच्या खिजगणतीतही नव्हती.

गेल्या मार्गशीर्षात चिरंजिवांच्या मोटारीतून आजरा, आंबोली करीत आरोंद्यास गेलो आणि पुलावरून पलीकडे किरणपाणीस उतरलो. मिनिटभरही लागले नसेल. नातू म्हणाला, "आजोबा, गोवा आला!" मला मात्र मोटार थांबवून मागे पाहावेसे वाटले.

ही सरहद्द इथे आली कशी, हे शोधू गेल्यास कोल्हापूरकराला थोडे अवघडल्यासारखेच होते. पेडणे मूळचे वाडीकर सावंत-भोसल्यांचे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरे खेम सावंत आणि करवीरचे शिवाजी महाराज यांच्यात वैर पेटले. खेम सावंतांची सोयरीक शिंद्यांकडे; त्या वशिल्याने त्यांना दिल्लीच्या बादशहाकडून 'राजेबहाद्दर' हा किताब मिळाला आणि तो करवीर दरबारास खुपला. करवीरच्या फौजा वाडीच्या मुलखात उतरल्या, किल्ले घेऊ लागल्या. जेरीस आलेल्या खेम सावंतांनी पोर्तुगीजांना हाक मारली. त्या मदतीची किंमत म्हणून १७८८ मध्ये पेडणे महाल त्यांच्या पदरात पडला. भांडण दोघां भोसल्यांचे आणि महाल गेला फिरंग्याच्या घरात! आमच्या आत्याला परदेशी केले ते लिस्बनने, असे आम्ही लहानपणी समजत होतो. त्यात कोल्हापूरचाही हात होता.

नदीच्या मुखावरचा तेरेखोलचा किल्ला तर त्याआधीच, १७४६ मध्ये, पोर्तुगीजांनी घेतला होता. तो उत्तर तीरावर आहे. म्हणून आजही नकाशात गोव्याचा एवढासा तुकडा नदी ओलांडून आपल्या बाजूस बसलेला दिसतो. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने ह्याच किल्ल्यावर तिरंगा लावला होता. तो फार वेळ टिकू दिला गेला नाही.

सरहद्दीच्या नदीवर पूल बांधणे पोर्तुगीजांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्या मायदेशी मिन्यो नदीवर, व्हालेन्सा आणि स्पेनमधील तुई यांना जोडणारा लोखंडी पूल १८८६ पासून उभा आहे. वरून आगगाडी, खालून रस्ता. आरोंद्याच्या वाट्यास मात्र तर आली.

सावंतवाडी १९४८ मध्ये मुंबई इलाख्यात विलीन झाली, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. आता नदीच्या एका काठी भारत आणि दुसऱ्या काठी सालाझारशाही. १९५४ पासून ये-जा परवान्यावर आली, आणि १९५५ च्या ऑगस्टात निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्यावर वाट पुरतीच बंद झाली.

आजोबा वारले ते १९५६ च्या पावसाळ्यात. आत्याला निरोप पोचला तो बारावा झाल्यानंतर, तोही एका मासे धरणाऱ्याच्या तोंडून. दहाव्या दिवशी ती पलीकडच्या काठावर उभी होती, असे घरात सांगत. मला ते खरे वाटत नाही. निरोपच पोचला नव्हता. शिवाय आषाढातल्या पावसात त्या पात्रापलीकडचे माणूस ओळखता येत नाही. पण ही कथा कोणी रचली आणि का रचली, ते मी समजू शकतो.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला. पुढल्या दिवाळीस आत्या राजारामपुरीत आली. येताना तिने एस्कुदोची एक नोट जपून आणली होती. रुपिया जाऊन १९५८ मध्ये हे नवे चलन आले होते, एका रुपियास सहा एस्कुदो. आता त्या नोटेचे काही येत नव्हते. तिने ती आजोबांच्या तसबिरीमागे खोचून ठेवली.

१९६७ च्या कौलात गोमंतकीयांनी महाराष्ट्रात विलीन होण्यास नकार दिला, १९८७ मध्ये गोवा राज्य झाले. त्यामुळे पुलावरची रेघ राहिली, तिचा दरारा गेला.

परतताना नाक्यावर शिपायाने मोटारीची मागली बाजू उघडायला लावली. बाटल्या आहेत का, हे त्याला पाहायचे होते. आत्याच्या सुनेने दिलेली आमसुलांची पिशवी निघाली. त्याने ती हुंगून पाहिली आणि परत ठेवली.