शाहू मोडक यांची चित्रपट कारकीर्द : देवप्रतिमा आणि नायकत्व

प्रस्तावना :
रामटेकच्या गडावर श्रीरामाबरोबर लक्ष्मणाचेही मंदिर आहे. अशा तीर्थक्षेत्री भाविकांच्या मनातील देवरूप मूर्ती, कीर्तन व कथा यांतून घडत आले. विसाव्या शतकात त्यात चित्रपटाची भर पडली. पडद्यावर देव साकारणाऱ्या नटाने काय मिळवले व काय गमावले, याचा विचार प्रस्तुत लेखात शाहू मोडक (१९१८-१९९३) यांच्या कारकिर्दीच्या आधारे केला आहे.

उदय :
मोडक यांचा जन्म अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. भालजी पेंढारकर दिग्दर्शित ‘श्यामसुंदर’ (१९३२) या बोलपटात ते किशोरवयातच श्रीकृष्ण झाले. राधेच्या भूमिकेत शांता आपटे होत्या. त्या काळी पार्श्वगायन रूढ नसल्याने नटाला स्वतः गावे लागे. त्यामुळे मोडकांचा गोड गळा त्यांच्या रूपाइतकाच मोलाचा ठरला.

दोन वाटा :
प्रभात फिल्म कंपनीच्या ‘माणूस’ (१९३९) मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांना गणपत हा पोलीस शिपाई केले. वेश्यावस्तीतील मैनेवर (शांता हुबळीकर) त्याचे प्रेम जडते. परंतु ते विफल झाले तरी तो जीवनाकडे पाठ फिरवत नाही. ‘देवदास’च्या (१९३५) आत्मनाशाला दिलेले हे उत्तरच होते. येथे मोडक सर्वार्थाने सामाजिक चित्रपटाचे नायक होते.

पुढच्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वर साकारले. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासे त्यांच्याच जन्मजिल्ह्यातील. विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’ (१९४२) मध्ये ते भरत झाले. श्रीकृष्ण तर त्यांनी अनेक चित्रपटांत रंगवला आणि हीच त्यांची कायमची ओळख ठरली.

हॉलिवूडमध्येही ‘द किंग ऑफ किंग्ज’ (१९२७) मधील येशूच्या भूमिकेसाठी एच. बी. वॉर्नर स्मरणात राहिले. मात्र मोडकांबाबत नट एका धर्माच्या घरात जन्मलेला, तर भूमिका दुसऱ्या धर्माच्या श्रद्धेतील होती. तरीही प्रेक्षकांनी त्यांना देवरूपात आपले मानले.

समारोप :
या स्वीकारात मराठी समाजाची उदारता दिसते, तशीच त्या नटाने मोजलेली किंमतही दिसते. मुकुटधारी कृष्णाच्या छायेत ‘माणूस’मधील गणवेशातला गणपत मागे पडला. म्हणून मोडकांचे मूल्यमापन करताना देवप्रतिमेइतकेच या माणसाचेही स्मरण आवश्यक ठरते.